आर्कू कोर्सा

सर कोबिना आर्कू कोर्सा (३ एप्रिल १८९४ – २५ जानेवारी १९६७) हे पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचे सरन्यायाधीश होते. त्या पदावर बसलेले ते पहिले आफ्रिकी गृहस्थ. घाना हा देश ब्रिटिश अमलात गोल्ड कोस्ट या नावाने ओळखला जात असताना १९५६ मध्ये त्यांची या पदावर नियुक्ती झाली. १९५७ चे स्वातंत्र्य व १९६० मधील प्रजासत्ताकाची स्थापना ही दोन्ही स्थित्यंतरे त्यांच्याच कारकिर्दीत घडली. डिसेंबर १९६३ मध्ये देशद्रोहाच्या एका गाजलेल्या खटल्यात त्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने पाचांपैकी तीन आरोपींना निर्दोष ठरविले. त्यानंतर दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी त्यांना सरन्यायाधीशपदावरून दूर केले. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा करताना आफ्रिकेच्या इतिहासातील या प्रसंगाचा उल्लेख वारंवार केला जातो.

बालपण व शिक्षण

कोर्सा यांचा जन्म गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावरील सॉल्टपाँड या गावी झाला. हा प्रदेश फांटे भाषकांचा. युरोपीय व्यापाऱ्यांशी शतकानुशतके संबंध आल्यामुळे आणि मेथडिस्ट मिशनच्या शाळांमुळे इंग्रजी शिक्षणाचा प्रसार येथे देशाच्या अंतर्भागाच्या मानाने फार लवकर झाला होता. वकील, व्यापारी, धर्मोपदेशक व वृत्तपत्रकार यांचा एक सुशिक्षित वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच या किनारपट्टीवर उदयाला आला होता. कोर्सा यांची जडणघडण याच वातावरणात झाली.

त्यांचे माध्यमिक शिक्षण केप कोस्ट येथील म्फान्त्सिपिम विद्यालयात झाले. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यालयातून देशाच्या सार्वजनिक जीवनातील अनेक नामवंत मंडळी बाहेर पडली. पुढील शिक्षणासाठी ते सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथील फुराह बे महाविद्यालयात गेले. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय त्या काळी संपूर्ण ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेसाठी उच्च शिक्षणाचे प्रमुख केंद्र होते. त्यानंतर लंडन येथे कायद्याचा अभ्यास पूर्ण करून ते बॅरिस्टर झाले आणि मायदेशी परतून त्यांनी केप कोस्ट येथे वकिली सुरू केली.

त्या काळी वसाहतीतील प्रशासकीय नोकऱ्यांच्या वरच्या जागा बहुतांशी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असत. आफ्रिकी सुशिक्षितांना स्वतंत्र बाण्याने जगता येईल असा व्यवसाय म्हणजे वकिली. त्यामुळे गोल्ड कोस्टच्या राजकारणाचे नेतृत्वही दीर्घकाळ वकिलांकडेच राहिले.

सार्वजनिक जीवन

१९२५ मध्ये गव्हर्नर गुगिसबर्ग यांच्या कारकिर्दीत गोल्ड कोस्टला नवी राज्यघटना मिळाली. तिच्यानुसार अक्रा, केप कोस्ट व सेकोंडी या तीन शहरांना कायदेमंडळावर प्रत्येकी एक निर्वाचित सदस्य पाठविण्याचा अधिकार प्राप्त झाला. केप कोस्टमधील ‘अॅबओरिजिन्स राइट्स प्रोटेक्शन सोसायटी’ या जुन्या व प्रतिष्ठित संस्थेचा या घटनेला कडवा विरोध होता. पारंपरिक राजांना कायदेमंडळात बसवून सरकार जनतेत फूट पाडीत आहे, असे तिचे म्हणणे होते. घटना अपुरी असली तरी मिळालेल्या जागा सोडू नयेत, आत जाऊन सुधारणा घडवाव्यात, असे मानणारा दुसरा गट होता. कोर्सा हे या दुसऱ्या गटात होते. १९२८ मध्ये ते केप कोस्टचे प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळावर गेले आणि १९४० पर्यंत त्यांनी हे सदस्यत्व सांभाळले.

कायदेमंडळातील त्यांची भूमिका सहकार्याची असली तरी ती मुकाट संमतीची नव्हती. १९३४ मध्ये सरकारने राजद्रोहविषयक कायदा कडक करण्याचे आणि पाणीपुरवठ्यासाठी कर आकारण्याचे प्रस्ताव आणले, तेव्हा देशभर असंतोष पसरला. या प्रस्तावांविरुद्ध वसाहतमंत्र्यांकडे दाद मागण्यासाठी नाना ओफोरी अट्टा यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ लंडनला गेले. कोर्सा त्याचे सदस्य होते, तर तरुण वकील जे. बी. डांक्वा हे त्याचे चिटणीस होते. शिष्टमंडळाच्या पदरी फारसे काही पडले नाही. मात्र कोर्सा व डांक्वा यांची गाठ पुढे सत्तावीस वर्षांनी एका वेगळ्याच भूमिकेत पडायची होती.

१९४२ मध्ये गव्हर्नर सर अॅलन बर्न्स यांनी नाना ओफोरी अट्टा व कोर्सा या दोघांची कार्यकारी मंडळावर नेमणूक केली. गव्हर्नरला प्रत्यक्ष कारभारात सल्ला देणाऱ्या या मंडळात तोवर एकही आफ्रिकी व्यक्ती नव्हती.

विद्यापीठाचा प्रश्न

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतील उच्च शिक्षणाचा विचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने वॉल्टर इलियट यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगावर तीन आफ्रिकी सदस्य होते. गोल्ड कोस्टचे कोर्सा, नायजेरियाचे रेव्हरंड आय. ओ. रॅन्सम-कुटी आणि सिएरा लिओनचे डॉ. ई. एच. टेलर-कमिंग्ज. १९४५ मध्ये आलेल्या अहवालात सदस्यांचे एकमत होऊ शकले नाही. बहुमताच्या अहवालात नायजेरिया व गोल्ड कोस्ट येथे स्वतंत्र विद्यापीठीय महाविद्यालये काढावीत आणि फुराह बे महाविद्यालयाचाही विकास करावा, असे सुचविले होते. अल्पमताच्या अहवालात चारही ब्रिटिश वसाहतींसाठी मिळून इबादान येथे एकच विद्यापीठीय महाविद्यालय पुरेसे मानले होते. तिन्ही आफ्रिकी सदस्यांनी बहुमताच्या अहवालावर सह्या केल्या.

ब्रिटिश सरकारचा कल प्रारंभी अल्पमताकडे होता. गोल्ड कोस्टच्या जनतेने त्याला तीव्र विरोध केला आणि स्वतःच्या खर्चाने संस्था उभारण्याची तयारी दाखविली. परिणामी १९४८ मध्ये गोल्ड कोस्टचे विद्यापीठीय महाविद्यालय सुरू झाले. आज लेगॉन येथे असलेले घाना विद्यापीठ हे त्याचेच विस्तारित रूप होय.

न्यायासनावर

१९४५ मध्ये कोर्सा यांची गोल्ड कोस्टच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून नियुक्ती झाली. यानंतर ते सक्रिय राजकारणापासून दूर झाले. फेब्रुवारी १९४८ मधील दंगली, एन्क्रुमा यांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी या पक्षाचा उदय आणि स्वातंत्र्याची चळवळ या साऱ्या घडामोडी त्यांनी न्यायासनावरून पाहिल्या.

पारंपरिक राजांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या स्थानिक न्यायालयांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. या आयोगाचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९५६ मध्ये ते सरन्यायाधीश झाले.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. पहिले गव्हर्नर-जनरल सर चार्ल्स आर्डेन-क्लार्क देश सोडून गेल्यावर लॉर्ड लिस्टोवेल यांनी सूत्रे स्वीकारेपर्यंत कोर्सा यांनी हंगामी गव्हर्नर-जनरल म्हणून काम पाहिले. १९५८ मध्ये वकिली व्यवसायाच्या नियमनासाठी नवा कायदा झाला आणि घानामध्येच कायद्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. त्यामुळे वकील होण्यासाठी लंडनची वारी करण्याची अपरिहार्यता संपली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या, आज ‘घाना अॅकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड सायन्सेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वत्संस्थेच्या संस्थापकांमध्येही कोर्सा यांची गणना होते. १ जुलै १९६० रोजी घाना प्रजासत्ताक झाला आणि एन्क्रुमा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

अकोटो खटला

१९५८ मध्ये घानाच्या संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत केला. देशाच्या सुरक्षिततेला बाधक ठरेल असे वाटणाऱ्या कोणत्याही नागरिकाला खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळाला. विरोधी पक्षाचे अनेक कार्यकर्ते याच कायद्याखाली तुरुंगात गेले. त्यांत बाफूर ओसेई अकोटो हे प्रमुख होते. अशांटी राजाचे मुख्य प्रवक्ते असलेल्या अकोटो यांनी १९५४ मध्ये एन्क्रुमाविरोधी ‘नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट’ या पक्षाची स्थापना केली होती.

अकोटो व इतर सात जणांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. तो फेटाळला गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. अपीलकर्त्यांची बाजू जे. बी. डांक्वा यांनी मांडली. सरकारतर्फे महान्यायवादी जेफ्री बिंग उभे राहिले. कोर्सा, व्हॅन लारे व अकिवुमी या तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली.

१९६० च्या राज्यघटनेतील तेराव्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षाला पद ग्रहण करताना काही तत्त्वांशी बांधिलकी जाहीर करावी लागे. धर्म व भाषण यांचे स्वातंत्र्य, संचार व सभेचे स्वातंत्र्य आणि न्यायालयात दाद मागण्याचा हक्क यांचा त्या तत्त्वांत समावेश होता. हे कलम म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांची हमी असून स्थानबद्धतेचा कायदा तिच्याशी विसंगत आहे, असा डांक्वा यांचा मुख्य युक्तिवाद होता. स्थानबद्धतेच्या आदेशात दिलेली कारणे खरी आहेत की नाहीत हे तपासण्याचा न्यायालयाला अधिकार आहे, असेही त्यांनी मांडले.

२८ ऑगस्ट १९६१ रोजी न्यायालयाने अपील फेटाळले. तेरावे कलम हे ब्रिटिश राजाच्या राज्याभिषेकाच्या शपथेसारखे असून ते राष्ट्राध्यक्षावर नैतिक बंधन घालते. त्याच्या आधारे संसदेने केलेला कायदा रद्द करता येत नाही, असा निर्णय देण्यात आला. स्थानबद्धता आवश्यक आहे की नाही हे ठरविणे कायद्याने राष्ट्राध्यक्षाच्या समाधानावर सोपविले आहे, त्यामुळे त्यामागील कारणांच्या खरेपणात न्यायालय शिरू शकत नाही, असेही निकालात म्हटले होते. यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये दिल्या गेलेल्या लिव्हरसिज खटल्याच्या निकालाचा आधार घेण्यात आला.

या निकालावर पुढे कायद्याच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली. संसद सार्वभौम असते या ब्रिटिश तत्त्वात मुरलेल्या न्यायाधीशांनी नव्या लिखित राज्यघटनेचा अर्थ फार संकुचित लावला, असे टीकाकारांचे मत आहे. राज्यघटनेत मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरणच नसल्याने न्यायालयाला दुसरा मार्ग नव्हता, अशीही बाजू मांडली जाते. परिणाम मात्र स्पष्ट होता. स्थानबद्ध नागरिकाला न्यायालयाचे दार व्यवहारात बंद झाले. निकालानंतर काही आठवड्यांतच खुद्द डांक्वा यांनाही याच कायद्याखाली अटक झाली.

देशद्रोहाचा खटला

१ ऑगस्ट १९६२ रोजी शेजारच्या अपर व्होल्टा या देशाच्या राष्ट्राध्यक्षांची भेट घेऊन एन्क्रुमा परतत होते. वाटेत सीमेजवळच्या कुलुंगुगू या गावी ते स्वागतासाठी थांबले असता त्यांच्यावर बॉम्ब टाकण्यात आला. या हल्ल्यात जीवितहानी झाली आणि एन्क्रुमा जखमी झाले.

महिन्याभरातच माहितीमंत्री ताविया अदामाफियो, परराष्ट्रमंत्री आको आजेई आणि सत्तारूढ पक्षाचे कार्यकारी सचिव कोफी क्रॅब यांना अटक झाली. हे तिघेही एन्क्रुमा यांच्या निकटच्या वर्तुळातले. आजेई तर त्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही होते. १९४७ मध्ये एन्क्रुमा यांना मायदेशी बोलावून पक्षाचे सरचिटणीस करावे, ही शिफारस आजेई यांचीच होती. या तिघांसह विरोधी पक्षाचे माजी संसद सदस्य आर. बी. ओचेरे व जोसेफ याव मानू यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरण्यात आला.

राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी १९६१ मध्ये खास न्यायालयाची तरतूद करण्यात आली होती. या न्यायालयात ज्यूरी नसे, ते मृत्युदंड देऊ शके आणि त्याच्या निकालावर अपील करता येत नसे. १९६३ मध्ये झालेल्या या सुनावणीसाठी कोर्सा यांच्या जोडीला व्हॅन लारे व एडवर्ड अकुफो-अड्डो हे न्यायाधीश होते. यांतील अकुफो-अड्डो आणि आरोपी आजेई हे दोघे १९४८ च्या दंगलींनंतर ब्रिटिश सरकारने एन्क्रुमा व डांक्वा यांच्यासह अटक केलेल्या सहा नेत्यांपैकी होते. स्वातंत्र्यलढ्यातील ‘बिग सिक्स’ म्हणून घानात या सहा जणांचा गौरव केला जातो. पंधरा वर्षांनंतर त्यांपैकी एक जण राष्ट्राध्यक्ष होता, एक न्यायासनावर होता आणि एक आरोपीच्या पिंजऱ्यात.

९ डिसेंबर १९६३ रोजी निकाल जाहीर झाला. ओचेरे व मानू यांना दोषी ठरवून मृत्युदंड देण्यात आला. अदामाफियो, आजेई व क्रॅब यांच्याविरुद्धचा पुरावा प्रामुख्याने परिस्थितिजन्य होता. कटाशी त्यांचा संबंध त्यातून सिद्ध होत नाही, असे ठरवून न्यायालयाने तिघांना निर्दोष ठरविले.

अकोटो प्रकरणातील निकाल आणि हा निकाल वरकरणी परस्परविरोधी वाटतात. दोन्हींमागील भूमिका मात्र एकच होती. अकोटो प्रकरणात कायद्याने पुराव्याचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला होता, म्हणून न्यायालयाने तो विचारलाच नाही. देशद्रोहाच्या खटल्यात मात्र सरकारने स्वतःहून आरोप न्यायालयापुढे आणले होते. तेथे पुरावा तपासणे हेच न्यायाधीशांचे काम होते आणि ते त्यांनी केले.

पदच्युती

निकालाने सत्तारूढ पक्षात संतापाची लाट उसळली. राज्याच्या सुरक्षिततेशी निगडित असलेल्या या निकालाची पूर्वकल्पना राष्ट्राध्यक्षांना द्यायला हवी होती, अशी सरकारच्या बाजूने तक्रार करण्यात आली. ११ डिसेंबर १९६३ रोजी एन्क्रुमा यांनी कोर्सा यांची सरन्यायाधीशपदावरील नियुक्ती रद्द केली.

ही कृती राज्यघटनेच्या अक्षराला धरूनच होती. १९६० च्या घटनेनुसार सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून काढण्यासाठी संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव आवश्यक होता. सरन्यायाधीश म्हणून झालेली नियुक्ती मात्र राष्ट्राध्यक्षाला केव्हाही मागे घेता येत असे. न्यायाधीशांना दिलेले संरक्षण न्यायसंस्थेच्या प्रमुखाला नव्हते. तीन वर्षे फारशी चर्चेत नसलेली ही तरतूद एका निकालाने साऱ्या जगापुढे आली.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. खास न्यायालयाचा निर्णय राज्याच्या हितासाठी रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणारा कायदा डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात संसदेने संमत केला आणि त्यानुसार निकाल रद्द करण्यात आला. निर्दोष ठरलेले तिघे तुरुंगातच राहिले. व्हॅन लारे यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९६४ मध्ये घटनादुरुस्तीसाठी सार्वमत घेण्यात आले. घानाला एकपक्षीय राज्य करणे आणि राष्ट्राध्यक्षाला स्वतःस योग्य वाटणाऱ्या कारणासाठी कोणत्याही वरिष्ठ न्यायाधीशाला काढण्याचा अधिकार देणे, हे दोन विषय त्यात एकत्र होते. अधिकृत आकडेवारीनुसार ९९.९१ टक्के मते बाजूने पडली; साऱ्या देशात विरोधी मते केवळ २,४५२ होती. नव्या अधिकाराचा वापर करून अकुफो-अड्डो व उच्च न्यायालयातील काही न्यायाधीशांना दूर करण्यात आले.

पाचही आरोपींवर पुन्हा खटला चालला. या वेळी नवे सरन्यायाधीश ज्युलियस सारकोडी-अड्डो यांच्यासमोर ज्यूरी बसविण्यात आली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये सर्वांना दोषी ठरवून मृत्युदंड सुनावण्यात आला. एन्क्रुमा यांनी पुढे त्याचे रूपांतर वीस वर्षांच्या कारावासात केले. त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारी १९६५ रोजी, दुसऱ्यांदा स्थानबद्ध झालेल्या डांक्वा यांचा न्सावाम येथील तुरुंगात मृत्यू झाला.

अखेरचा काळ

पदच्युतीनंतर कोर्सा न्यायासनावर परतले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कर व पोलिस यांनी एन्क्रुमा यांची सत्ता उलथून टाकली. अदामाफियो, आजेई व क्रॅब यांची सुटका झाली. कोर्सा यांच्याबरोबर त्या खटल्यात बसलेले अकुफो-अड्डो सरन्यायाधीश झाले आणि पुढे १९७० ते १९७२ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्षही झाले. हा बदल पाहिल्यानंतर वर्षभराच्या आतच, २५ जानेवारी १९६७ रोजी कोर्सा यांचे निधन झाले.

मूल्यमापन

कोर्सा हे स्वभावाने वा विचाराने बंडखोर नव्हते. उपलब्ध चौकटीत राहून काम करावे, कायद्याची मर्यादा ओलांडू नये, ही त्यांची आयुष्यभराची धारणा होती. वसाहतकाळात या धारणेमुळे त्यांच्यावर सरकारशी जुळवून घेतल्याची टीका झाली. अकोटो निकालाबाबतही जवळपास तोच आक्षेप घेतला जातो. त्याच धारणेने त्यांना १९६३ मध्ये पुराव्याशिवाय शिक्षा देण्यापासून परावृत्त केले. इतक्या सावध न्यायाधीशाचाही एक निकाल सहन झाला नाही, यातच त्या काळच्या सत्तेचे स्वरूप दिसते.

घानाने या अनुभवातून धडा घेतला. एन्क्रुमा यांच्या पाडावानंतर नवी राज्यघटना सुचविण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद अकुफो-अड्डो यांच्याकडे होते. १९६९ च्या राज्यघटनेत न्यायालयामार्फत अंमलबजावणी करता येण्याजोगे मूलभूत हक्क समाविष्ट झाले. सरन्यायाधीशाला केवळ राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने दूर करता येऊ नये, यासाठीही तरतूद करण्यात आली. अकोटो प्रकरणात जी हमी घटनेत सापडली नाही आणि डिसेंबर १९६३ मध्ये जे संरक्षण सरन्यायाधीशाला मिळाले नाही, ती दोन्ही अशा रीतीने घटनेच्या शब्दांत आली.